अनुदान किती, यापेक्षा धोरण किती टिकणार? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छतावरील सौर प्रकल्पाची चौकशी करताना ग्राहक बहुधा दोन गोष्टी विचारतात: अनुदान किती मिळेल आणि आमच्या दरपत्रकाची मुदत इतकी थोडी का. दोन्ही प्रश्नांचा संबंध सरकारी धोरणाशी आहे. आमच्या मते अनुदानाच्या आकड्यापेक्षा नियम किती काळ टिकणार, हे ग्राहकाने आधी पाहावे.

याचे कारण खर्चाच्या स्वरूपात आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राला वर्षानुवर्षे इंधन विकत घ्यावे लागते. सौर पॅनेलला किंवा पवनचक्कीला इंधन लागत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च उभारणीच्या वेळीच करावा लागतो आणि त्यासाठी बहुधा कर्ज काढले जाते. साहजिकच तयार होणारी वीज किती महाग पडेल, हे व्याजदरावर फार अवलंबून असते. पुढील पंधरा-वीस वर्षे ही वीज कोण आणि कोणत्या दराने घेणार, याची शाश्वती नसेल, तर बँक जादा व्याज लावते किंवा कर्जच नाकारते. म्हणूनच केवळ खरेदीची हमी मिळाली, तरी वीज स्वस्त पडू शकते.

जर्मनीने 2000 साली केलेल्या कायद्याने नेमकी हीच हमी दिली. अक्षय स्रोतांपासून तयार झालेली वीज प्राधान्याने घेणे ग्रिडचालकांवर, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे चालवणाऱ्या कंपन्यांवर, बंधनकारक झाले आणि प्रत्येक प्रकल्पाला 20 वर्षांसाठी ठरलेला दर मिळू लागला. नव्या सौर प्रकल्पांसाठीचा दर मात्र वर्षागणिक उतरत जाणार, हेही कायद्यातच होते, त्यामुळे खर्च कमी करत राहण्यावाचून उद्योगाला गत्यंतर नव्हते. या सगळ्याचा भार अधिभाराच्या रूपाने वीजबिलांवर पडला, आणि 2022 मध्ये तो अधिभार रद्द होईपर्यंत त्याबद्दलची नाराजी काही शमली नाही. धोरण फुकट नसते, हे आमच्यासारख्या विक्रेत्यांनीही मान्य केले पाहिजे.

स्पेनचा अनुभव वेगळा आहे. तेथे 2007 मध्ये सौर विजेला आकर्षक दर जाहीर झाले, पण क्षमतेवर वेळीच मर्यादा घातली गेली नाही. 2010 पर्यंत सुमारे 400 मेगावॉटचे उद्दिष्ट असताना एकट्या 2008 मध्ये 2,500 मेगावॉटहून अधिक क्षमता उभी राहिली. सरकारने घाईघाईने वार्षिक मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. पुढे 2013 पासून चालू प्रकल्पांचे ठरलेले दरही बदलण्यात आले, तेव्हा गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादांकडे धाव घेतली.

अमेरिकेत पवन ऊर्जेची करसवलत दर काही वर्षांनी संपत असे आणि अनेकदा अगदी शेवटच्या क्षणी तिला मुदतवाढ मिळत असे. 2012 मध्ये तेथे सुमारे 13 गिगावॉट पवनक्षमता बसवली गेली, तर 2013 मध्ये जेमतेम एक गिगावॉट. अशा चढउतारात कारखाना चालवणे आणि कुशल कामगार टिकवणे किती अवघड जाते, हे वेगळे सांगायला नको.

आता बहुतेक ठिकाणी मोठ्या प्रकल्पांचे दर लिलावातून ठरतात, म्हणजे सर्वांत कमी दरात वीज द्यायला तयार असणाऱ्यांना काम मिळते. लिलावाने दर उतरतात हे खरे, तरी सरकारने बोलीसाठीचा कमाल दर फार कमी ठेवला तर कोणीच बोली लावत नाही. ब्रिटनमध्ये 2023 साली समुद्रातील पवन ऊर्जेच्या बाबतीत हेच घडले आणि सरकारला पुढच्या फेरीसाठी कमाल दर 66 टक्क्यांनी वाढवावा लागला.

आमच्या दरपत्रकाच्या थोड्या मुदतीचे कारणही असेच बदलते धोरण आहे. जगातील बहुतांश सौर पॅनेल चीनमध्ये तयार होत असल्याने आयातशुल्क बदलले की आमचा खरेदीदरही बदलतो आणि तो दीर्घ काळ बांधून ठेवणे आम्हाला शक्य होत नाही.

घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत कळीचा नियम आहे नेट मीटरिंगचा, म्हणजे वापरून उरलेली वीज ग्रिडला दिल्यावर तिचा मोबदला कसा मिळतो याचा. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांसाठी हा मोबदला मोठ्या प्रमाणावर घटवण्यात आला. आधीच्या ग्राहकांना मात्र जोडणीपासून 20 वर्षे जुन्याच अटी लागू राहिल्या. त्यानंतर तेथे पॅनेलसोबत बॅटरी घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले, कारण दिवसाची वीज स्वस्तात ग्रिडला देण्यापेक्षा साठवून संध्याकाळी वापरणे फायद्याचे ठरू लागले. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपल्या जोडणीला आजच्या अटी किती वर्षे लागू राहतील, हे वीज कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि अनुदान मंजूर झाले नाही तर ती रक्कम कोणी भरायची, हे आमच्याकडून करारात लिहून घ्यावे.