साईट चालू करायच्या आठवड्यात काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही : वुडटर्निंग क्लब आणि इतर हौशी मंडळांसाठी (वुडटर्निंग म्हणजे लेथवर लाकूड कातणं)

नमस्कार मंडळी. डोमेन म्हणजे काय, होस्टिंग म्हणजे काय, वर्डप्रेसमध्ये पान कसं टाकायचं हे तुम्हाला माहितीये असं धरून लिहितोय, कारण तुमची साईट आम्ही करायला घेतो तेव्हा ते आपण पहिल्या मीटिंगलाच बघतो. हा कागद काढायचं कारण एकच, साईट लॉन्च झाली की पहिल्या दोन दिवसांत "साईट दिसत नाहीये" असा फोन येतोच, आणि तो फोन येईपर्यंत क्लबमधल्या कोणीतरी पॅनलमध्ये (डोमेन-होस्टिंगची सेटिंग असतात तिथे) जाऊन काहीतरी बदललेलं असतं. मूळ काम दहा मिनिटांचं, पण हे बदललेलं शोधून निस्तरण्यात आमचे आणि तुमचे तीन-तीन दिवस जातात.

मागे एका क्लबचं झालं ते सांगतो. दसऱ्याचा मुहूर्त, सदाशिव पेठेत हॉल घेतलेला, प्रोजेक्टर लावलेला, टेबलावर सभासदांनी केलेले बाउल, पेन, भोवरे मांडलेले. डोमेनचं लॉगिन आम्हाला मिळालं त्याच दिवशी सकाळी, म्हणून नऊ वाजता नेमसर्व्हर (डोमेनची माहिती कुठून वाचायची ते सांगणारी नोंद) बदलले. साडेनऊला एका काकांच्या फोनवर जुनंच पान दिसलं, त्यांना वाटलं काहीतरी चुकलं, त्यांनी जुने नेमसर्व्हर परत टाकले. थोड्या वेळाने दुसऱ्यांनी नवे टाकले. तिसऱ्यांनी व्हिडिओ बघून एक ए रेकॉर्ड (साईट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद) वाढवला. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता, पण संध्याकाळी हॉलमध्ये निम्म्या लोकांना नवी साईट, निम्म्यांना जुनी, आणि सेक्रेटरींच्या क्लबच्या ईमेलवर पुढचे दोन दिवस एकही मेल आला नाही. वर्कशॉपच्या नोंदणीचे मेल त्यातच गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या लोकांनी वर्षभर खपून फोटो आणि माहिती गोळा केली होती.

आता हे का होतं ते बघा. समजा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधलं तुमचं नेहमीचं लाकडाचं दुकान हललं. नवा पत्ता मालकाने पाटीवर लिहिला तरी ज्याने कालच पत्ता विचारून वहीत टिपून ठेवलाय तो जुन्याच जागी जाणार, वहीतलं पान जुनं झालंय हे कळेपर्यंत. इंटरनेटवर ही वही तुमच्या ब्रॉडबँडवाल्याकडे असते, मोबाईल कंपनीकडे असते, घरच्या राउटरमध्ये आणि ब्राउझरमध्येही असते, आणि टिपलेला पत्ता किती सेकंद खरा मानायचा त्या आकड्याला टीटीएल म्हणतात. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. डॉट कॉमसाठी नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद लक्षात ठेवायची मुभा आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. आम्ही "दोन दिवस थांबा" म्हणतो ते या आकड्यावरून, वेळ काढायला नाही. आणि मध्येच बदल उलटा फिरवला की ज्या वह्या तेवढ्यात विचारायला आल्या त्यांनी चुकीचा पत्ता टिपून घेतला, त्यांचं घड्याळ तिथून नव्याने सुरू.

तुमच्याइतकं हे कोणाला पटावं? ओल्या लाकडाचा १० इंची बाउल तुम्ही आधी रफ कातता, भिंत इंचभर जाड ठेवता, कागदी पिशवीत घालून महिनोन्‌महिने कपाटावर ठेवता. मध्येच उतरवून फायनल पास मारला तर पुढे तो वाकडा होणार किंवा तडकणार हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. इथे तर फक्त दोन दिवस थांबायचंय.

ईमेल का बंद पडलं? नेमसर्व्हर बदलले की फक्त साईटचा पत्ता बदलत नाही, त्या डोमेनची अख्खी वहीच नव्या जागेहून वाचली जाते. मेल कुठे द्यायची ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड आणि मेल खरी आहे हे सांगणारा एसपीएफ जुन्या वहीत होते, ते आपोआप नव्या वहीत येत नाहीत, कोणीतरी हाताने उतरवून घ्यावे लागतात. म्हणून आम्ही शक्यतो नेमसर्व्हरला हातच लावत नाही, आहे त्या ठिकाणी फक्त ए रेकॉर्ड बदलतो, मेल जागच्या जागी राहते. त्याआधी टीटीएल ३०० वर आणतो, तेही जुना टीटीएल संपेल इतकं आधी, म्हणजे तो एक दिवसाचा असेल तर निदान एक दिवस आधी, नाहीतर उपयोग नाही. जुनं होस्टिंग पुढचा आठवडाभर चालू ठेवतो. काही ग्राहक विचारतात की दोन्हीकडचे पैसे कशाला, तर याच्यासाठी, ज्याच्या वहीत अजून जुना पत्ता आहे त्याला निदान काहीतरी दिसावं.

मुहूर्ताचं काय, तर मुहूर्त आम्हीही पाळतो. पाडवा असो की दसरा, पत्ता बदलायचं काम आधीच्या आठवड्यात उरकायचं आणि नव्या जागी "लवकरच येत आहे" असं पान ठेवायचं. त्या दिवशी पाहुण्यांच्या हातून फक्त ते पान काढायचं, दोन सेकंदात साईट उघडते आणि सगळ्यांना एकदमच दिसते. फक्त एवढं करा, क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आधी टाकू नका, नाहीतर मेसेजसोबत त्या "लवकरच" पानाचाच प्रिव्ह्यू चिकटून राहतो आणि लोकांना वाटतं साईट अजून झालीच नाही.

ब्राउझरमध्ये वर दिसणारा "सुरक्षित नाही" हा शेरा, यावरही बरेच फोन येतात. क्रोमने जुलै २०१८ पासून एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसलेल्या सगळ्या साईट्सना हा शेरा द्यायला सुरुवात केली. आम्ही लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट लावतो, ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं. पण पत्ता नीट फिरल्याशिवाय ते मिळतच नाही, आणि त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात ५ वेळाच मिळतं, त्यामुळे पॅनलमधलं ते बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. सर्टिफिकेट आल्यावर पानावरचा एखादा फोटो दिसत नसेल तर कधीकधी तो जुन्या एचटीटीपी लिंकवरून येत असतो, ती लिंक आम्ही पाच मिनिटांत बदलतो.

डोमेन कोणाच्या नावावर आहे हे आजच बघून ठेवा. क्लबमध्ये दर वर्षी पदाधिकारी बदलतात, आणि डोमेन मात्र तीन वर्षांपूर्वीच्या खजिनदारांच्या खाजगी ईमेलवर असतं, रिन्यूची सूचना त्यांना जाते आणि ते बिचारे मुलाकडे परदेशात. क्लबचं एक वेगळं जीमेल काढून त्यावर डोमेन घ्या, क्लबच्या डोमेनवरच्या ईमेलवर नको, कारण डोमेन बंद पडलं की ते ईमेलही बंद आणि मग पासवर्ड रीसेटची मेल येणार कुठे? नवीन डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग घेतल्यावर ईमेल पडताळणीची जी लिंक येते ती १५ दिवसांत क्लिक करावी लागते, नाहीतर डोमेन स्थगित होतं. चांगली चाललेली साईट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक गायब झाली तर मी पहिल्यांदा हेच बघतो.

फोटोंबद्दल थोडं, कारण वुडटर्निंगच्या साईटवर लोक फोटोच बघायला येतात. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले फोटो दाबले जातात, शिसवाच्या बाउलवरच्या रेषा त्यात पुसट होऊन जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. उलट टोकाचं म्हणजे फोनमधला ५-६ एमबीचा फोटो थेट गॅलरीत चढवणं, असे चाळीस फोटो झाले की पान उघडायला इतका वेळ लागतो की त्यालाही लोक "साईट बंद आहे" म्हणतात. रुंदी १६०० पिक्सेल पुरते, फाईल ३०० केबीच्या आत येते. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये कॅमेरा जेपीईजीवर ठेवा, एचईआयसी (आयफोनचा स्वतःचा फोटो प्रकार) फाईल बऱ्याच ब्राउझरमध्ये उघडत नाही. आणि फोटो ट्यूबलाईटखाली नको, खिडकीशेजारी बाजूने उजेड येईल असा घ्या, गाउजने (कातायच्या हत्याराने) काढलेली कड त्यातच नीट दिसते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच (फोनवर टाइप होतं तसा) द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधली स्मरणिकेची फाईल कॉपी केली की साईटवर अगम्य अक्षरं दिसतात, ती रूपांतर करून मिळतात पण शुद्धलेखन परत तपासावं लागतं, ते आम्ही करून देतो, वेळ मात्र धरून चला.

आता फोन करायच्या आधी. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा. एकीकडे दिसतंय आणि एकीकडे नाही, तर वहीचाच प्रश्न आहे, थांबायचं. काँप्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा, ब्राउझरने साठवलेलं पान बाजूला ठेवून नवं येतं. तरीही तसंच असेल तर पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट पाठवा, वरचा पत्ता आणि वेळ दिसेल असा, कारण "दिसत नाही" मध्ये पाच वेगवेगळे आजार असतात. ४०४ म्हणजे साईट चालू आहे, ते एक पान हललंय. ५०० किंवा ५०३ म्हणजे सर्व्हरवर अडचण, तो लगेच आमचा विषय, रात्री आला तरी कळवा. साईट सापडतच नाही असं आलं तर डोमेन. कोणी पॅनलमध्ये काही बदललं असेल तर तेही तसंच सांगा, आम्ही कोणाला बोलत नाही, पण ते कळलं की अर्धं काम तिथेच होतं.

ज्यांनी आमच्याकडे वार्षिक देखभाल घेतलीये त्यांच्या डोमेनची, सर्टिफिकेटची मुदत आम्ही स्वतः बघतो आणि रोजचा बॅकअप ठेवतो, पॅनलचं लॉगिन क्लबच्या दोनच माणसांकडे राहील असं करून देतो. ज्यांची साईट दुसरीकडे झालीये त्यांचीही देखभाल घेतो, आधी एकदा सगळं तपासून काय स्थिती आहे ते लेखी देतो, त्या तपासणीचे पैसे घेत नाही. लॉन्चची तारीख ठरली की निदान दहा दिवस आधी कळवा आणि त्याच दिवशी डोमेनचं लॉगिन पाठवा.