कारच्या स्टार्टरला करंट न पोचणे

चावी फिरवली किंवा बटण दाबलं, तरी इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत बॅटरीची वीज येतच नाही, किंवा येते पण इतकी मरतुकडी की मोटर जागची हलत नाही, असा हा बिघाड. बोलताना लोक या स्टार्टर मोटरला सेल्फ म्हणतात, म्हणून 'सेल्फ घेत नाही' असं सांगतात आणि मग बरेच जण आधी सेल्फच उतरवून ठेवतात, जे खरं तर सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. वीज नेमकी कुठे अडली ते शोधणं म्हणजेच याचं निदान, आणि ते स्टार्टर गाडीवर असतानाच होतं.

सर्किट दोन असतात. एक जाड केबलचं: बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरचा विजेवर चालणारा मोठा स्विच) मोठ्या बोल्टवर, सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टमधून मोटरमध्ये, आणि इंजिनच्या धातूतून अर्थिंगच्या पट्टीने परत मायनसला. लहान पेट्रोल कारमध्ये इथून साधारण १०० ते २०० अँपिअर जातात, मोठ्या डिझेल इंजिनला याहून बरेच जास्त लागतात. दुसरं बारीक वायरचं: इग्निशन स्विच (चावीचा), रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच), ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्क किंवा न्यूट्रलला आहे का ते बघणारा स्विच, बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लच पेडलचा स्विच, आणि शेवटी सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल. जर्मन क्रमांक पद्धतीत मोठा बोल्ट म्हणजे ३० आणि छोटं टर्मिनल म्हणजे ५०, बऱ्याच वायरिंग डायग्राममध्ये हेच आकडे असतात.

मल्टिमीटर काढायच्या आधी कान आणि हेडलाइट पुरतात. लाइट लावून चावी फिरवायची, लाइट एकदम विझले तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरलाय, पटापट टकटकटक आवाज आला तरी बहुतेक तेच. लाइट जसेच्या तसे आणि आवाज काहीच नाही, तर बारीक वायरच्या सर्किटमध्ये बघायचं. एकच जोरदार 'टक्' आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडला हुकूम पोचलाय पण मोटरला पुरेसा करंट नाही, किंवा मग कॉन्टॅक्ट, ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) असं काहीतरी आतलंच गेलंय.

बॅटरी नीट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, पण हा आकडा एकटा फसवतो. चावी स्टार्टला धरून ठेवलेली असताना बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवरच व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर सहसा बॅटरी कमजोर असते, आधी तीच चार्ज करायची.

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. स्टार्टरच्या बोल्टवर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, लगेच 'करंट येतोय, सेल्फ गेला' असा निकाल. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे आतून सडलेली, दोन-चार तारांवर तगलेली केबलसुद्धा त्याला पूर्ण १२ दाखवते. १५० अँपिअर जात असताना फक्त ०.०२ ओहमचा अडथळा ३ व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या ओहम रेंजमध्ये एवढा अडथळा धड दिसतही नाही. म्हणून मोजायचं ते लोड असताना: दुसऱ्या कुणाला चावी धरायला सांगायची, मीटरच्या एका वायरचं टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर, दुसरीचं ३० नंबरच्या बोल्टवर. इथे अर्धा व्होल्टच्या वर दिसलं तर केबल किंवा तिचे जोड खराब. मग बॅटरीचा मायनस आणि स्टार्टरची बॉडी यांच्यात असंच मोजायचं, तिथे ०.२ च्या आसपासच असावं. मायनसची बाजू लोक हमखास विसरतात! इंजिनची अर्थिंग पट्टी सैल असेल तर करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, आणि कधी कधी क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापते.

बारीक सर्किटसाठी उलट टेस्ट लॅम्प बरा, कारण बल्ब थोडा तरी करंट ओढतो (फक्त कंप्युटरच्या वायरींना तो लावू नये). चावी स्टार्टला असताना ५० नंबरवर लॅम्प पेटत नसेल तर मागे मागे जायचं: फ्यूज, मग रिले, जो त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून लगेच कळतो, ऑटोमॅटिक असेल तर पार्कऐवजी न्यूट्रलला टाकून बघायचं, क्लच पूर्ण दाबायचा. बटणवाल्या गाडीत ब्रेकचा स्विच खराब असला तरी स्टार्टचा हुकूम निघत नाही. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर काही गाड्यांत इमोबिलायझरच (चोरी रोखणारी यंत्रणा) स्टार्टर अडवतो, तिथे वायर तपासत बसण्यात अर्थ नाही.

हे सगळं करताना गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा, नाहीतर गिअरमध्ये राहिलेली मॅन्युअल गाडी उडी मारते. ३० नंबरचा बोल्ट चावी बंद असतानाही जिवंत असतो, बऱ्याच गाड्यांत मध्ये फ्यूजही नसतो, त्यामुळे पाना बॉडीला टेकला की मोठा जाळ होतो. बोल्ट सोडवायचा असेल तर आधी बॅटरीचा मायनस काढायचा. स्क्रू ड्रायव्हरने दोन टर्मिनल जोडायची सवय जुनी आहे, चांगली नाही.

मोठ्या बोल्टवर लोडखाली पुरेसं व्होल्टेज, ५० नंबरवरही हुकूम आणि अर्थिंग स्वच्छ, एवढं जमूनही मोटर ढिम्म असेल आणि इंजिन हाताने पान्याने फिरवल्यावर मोकळं फिरत असेल, तेव्हा मात्र सेल्फ उतरवायला हरकत नाही. आत झिजलेले ब्रश किंवा जळलेले तांब्याचे कॉन्टॅक्ट सापडतात आणि बऱ्याच स्टार्टरमध्ये तेवढेच बदलता येतात.