एसएमपीएस गरम होतोच कशाला?

स्विच बंद असला की करंट नाही, चालू असला की त्याच्यावर व्होल्टेज जवळपास नाही, मग एसएमपीएसमधला (चार्जर, कॉम्प्युटर वगैरेंतला, झपाट्याने चालू-बंद होऊन वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) मॉस्फेट, म्हणजे हाच इलेक्ट्रॉनिक स्विच, तापतो कशाला? शाळेतलं व्होल्टेज गुणिले करंट लावलं तर प्रश्न रास्तच आहे. पण सगळी गोची चालू-बंदच्या मधल्या क्षणात आहे.

मॉस्फेट बंद असताना त्याच्या अंगच्या कपॅसिटन्सवर (चार्ज साठवायच्या क्षमतेवर) साधारण 400 व्होल्ट चढलेले असतात. समजा ती 100 पिकोफॅरड आहे, तर साठलेली ऊर्जा झाली 8 मायक्रोज्यूल. दिसायला किरकोळ, पण तुम्ही स्विच धाडकन चालू केला की ती तिथेच जळते, आणि हे सेकंदाला एक लाख वेळा झालं की 0.8 वॅटची नुसती उष्णता. भरलेली बादली दर वेळी मोरीत ओतायची, तसलाच प्रकार.

यावर उपाय म्हणजे एलएलसी रेझोनंट सर्किट, कॉइल आणि कपॅसिटरच्या झोक्यावर चालणारं. त्यात वर एक आणि खाली एक असे दोन मॉस्फेट असतात, एक बंद केला की दुसरा लगेच चालू करत नाहीत, मध्ये 200 नॅनोसेकंद वगैरे दोघंही बंद, याला डेड टाइम म्हणतात, आणि तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरचा मॅग्नेटायझिंग करंट (कोरमध्ये चुंबकत्व तयार करणारा) एकाची बादली दुसऱ्यात रिकामी करतो. मग शून्य व्होल्टवर स्विच चालू! दोन्ही मॉस्फेटचा मिळून 80 नॅनोकुलंब चार्ज हलवायचा तर 200 नॅनोसेकंदात 0.4 अँपिअर तरी लागतो. कमी पडला तर काम अर्धवट राहतं. जास्त ठेवला तर तो लोड असो नसो फिरतच राहतो आणि तांब्याची तार तापवतो. डिझाइनरची खरी कसोटी इथेच लागते, ट्रान्सफॉर्मरच्या कोरमधली फट किती ठेवायची हे यावरच ठरतं.

80 प्लस टायटॅनियम या पॉवर सप्लायच्या प्रमाणपत्रासाठी 230 व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर 96 टक्के कार्यक्षमता मागतात आणि 10 टक्के लोडवर 90च, त्यामागे लोड असो नसो फिरणारा हा करंटही एक कारण आहे.

बाकी सेकंडरीला (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटच्या बाजूला) करंट एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या डायोडऐवजी मॉस्फेट लावले की मोठा फायदा होतो: 20 अँपिअरला अर्ध्या व्होल्टचा डायोड 10 वॅट खातो, 2 मिलीओहमचा मॉस्फेट 0.8.

आणि हो, सॉकेटमध्ये खोचायचे ते ‘पॉवर सेव्हर’ यातलं काहीही करत नाहीत. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक एलईडी निघतो. घरचं बिल युनिटवर येतं, त्यात त्याने काडीचा फरक पडत नाही.

लोड अगदीच कमी असला की एसएमपीएसचा कंट्रोलर थोडा वेळ स्विचिंग करतो आणि थोडा वेळ गप्प बसतो, याला बर्स्ट मोड म्हणतात. त्या थांबण्या-चालण्याची फ्रिक्वेन्सी आपल्या कानाच्या टप्प्यात आली की ट्रान्सफॉर्मर बारीक ची-ची करतो, म्हणून तेवढ्यावरून सप्लाय गेला समजून दुकानात धावू नका.