नेदरलँड्स सायकलींचा देश जन्मजात नव्हता

'तिकडच्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे, आपल्याकडे जमणार नाही.' सायकल मार्गाचा विषय निघाला की हे ऐकू येतंच. ते खरं नाही.

सायकली तिथे पूर्वी भरपूर होत्या, पण 1950 आणि 60च्या दशकांत मोटारी वाढल्या तशा त्या झपाट्याने घटल्या. चौकांचे वाहनतळ झाले. उत्रेख्तमध्ये तर मोटाररस्त्यासाठी शहराभोवतीच्या जुन्या कालव्याचा काही भाग चक्क बुजवला! 1971मध्ये रस्ते अपघातांत 3 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत 400हून जास्त मुलं होती. मग पालक रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. त्यातच 1973चं तेलसंकट आलं आणि मोटारींविना रविवार पाळले गेले.

पुढचं काम रक्ताने नाही, आराखड्यांनी झालं: मोटारींपासून वेगळे, लाल डांबराचे सायकल मार्ग, वस्त्यांमध्ये वेगाला लगाम, चौकाच्या कोपऱ्यांवर उंचवटे, म्हणजे वळणारी गाडी आपसूक हळू होते. यालाही दुकानदारांचा विरोध झाला, वर्षानुवर्षं वाद चालले. उत्रेख्तच्या त्या कालव्यात पुन्हा सलग पाणी खेळायला 2020 उजाडलं.