क्रॅकरचा गॅस: मिथेनपासून प्रोपिलीनपर्यंत

कॅट क्रॅकरवर, म्हणजे जड तेल उत्प्रेरकाने (कॅटॅलिस्टने) फोडून पेट्रोल काढणाऱ्या रिफायनरीतल्या युनिटवर, मुरलेला माणूस लॅबचा गॅस रिपोर्ट हातात आला की आधी दोनच आकडे बघतो, हायड्रोजन आणि मिथेन. पेट्रोल किती निघालं, ते मागाहून. या सवयीमागे मोठा इतिहास आहे.

पूर्वी जड तेल नुसतं तापवून फोडत. त्यात मिथेन, इथेन, इथिलीन असे एक-दोन कार्बनचे वायू खूप निघत. साध्या दाबाला ते द्रव होत नाहीत, त्यामुळे बहुतेक भट्टीतच जळत. फ्रेंच इंजिनिअर यूजीन हूद्री यांनी आम्लधर्मी मातीचा कॅटॅलिस्ट वापरला आणि १९३७ मध्ये पेनसिल्वेनियातल्या मार्कस हुकला सन ऑइलचं मोठं युनिट सुरू झालं. इथे रेणू तुटायची तऱ्हाच वेगळी. साखळीतल्या एका कार्बनवर धनभार येतो. त्याला लागून असलेला बंध शाबूत राहतो आणि त्याच्या पुढचा तुटतो. म्हणून सुटणारा तुकडा किमान तीन कार्बनचा असतो. प्रोपिलीन (तीन कार्बन) आणि ब्युटिलीन (चार कार्बन) वाढले ते यामुळे. मला या साऱ्या रसायनातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

२५ मे १९४२ रोजी लुइझियानातल्या बॅटन रूजला पहिलं फ्लुइड युनिट चालू झालं. कॅटॅलिस्टची पूड वाफेबरोबर पाण्यासारखी वाहू लागली. युद्ध पेटलेलं होतं. ब्युटिलीनपासून विमानांचं उच्च ऑक्टेन पेट्रोल बनत होतं, कृत्रिम रबरालाही तेच हवं होतं.

तीन-चार कार्बनचा गॅस थोड्या दाबाने द्रव होतो, म्हणूनच तो सिलिंडरमध्ये मावतो. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्या १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि त्याच दशकात बर्मा-शेलचा बर्शेन गॅस शहरातल्या स्वयंपाकघरांत पोचला.

१९६० च्या दशकात मोबिल कंपनीच्या प्लँक आणि रोझिन्स्की यांनी झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचा स्फटिकी कॅटॅलिस्ट, आणलं. ड्राय गॅस (मिथेन-इथेनसारखे हलके वायू) आणि कोक (कॅटॅलिस्टवर बसणारा कार्बनचा थर) घटले, पेट्रोल वाढलं. पण वायूतले ऑलेफिनही (प्रोपिलीन-ब्युटिलीनसारखे दुहेरी बंधाचे रेणू) कमी झाले. पुढे प्लॅस्टिकसाठी प्रोपिलीनची मागणी वाढली, तेव्हा झेडएसएम-५ या आणखी एका झिओलाइटची जोड देऊन ते पुन्हा वाढवावं लागलं.

राहिला हायड्रोजन. जड फीडमधलं (क्रॅकरला दिलेल्या तेलातलं) निकेल कॅटॅलिस्टवर साचत जातं आणि रेणूंमधला हायड्रोजन ओरबाडून काढतं. गॅस हलका झाला की क्रॅकरचा वायू दाबून पुढे पाठवणाऱ्या वेट गॅस कॉम्प्रेसरला तो पेलवत नाही आणि शेवटी फीड कमी करावं लागतं. १९७० च्या दशकात निकेलला अँटिमनीचा उतारा सापडला. तो लागू पडतोय की नाही, हे आजही हायड्रोजन-मिथेनच्या गुणोत्तरावरूनच कळतं.