गुबगुबीत पिल्लू निरोगी असतं का?

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या आसपास शेततळ्यांत रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची लगबग सुरू होते. पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या टेम्पोतून उतरतात. आमचे मामा पिशवी उजेडाकडे धरून म्हणतात, "अंगानं भरलेलं बीज बघून घ्यायचं." त्यांचं बरोबरच आहे, हा मासा तळ्यात वाढून बाजारातच जाणार. पण हॅचरीतलं, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवणाऱ्या केंद्रातलं, पिल्लू नदीत सोडायचं असेल तर? याचा भरपूर अभ्यास सॅमन माशावर झालाय.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत परततो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर धरणांनी त्याची वाट अडवली, म्हणून हॅचरीत पिल्लं वाढवून सोडायला लागले. हॅचरीत अंड्यांतून जगणारी पिल्लं नदीपेक्षा कितीतरी जास्त असतात, अंगावर चरबीही जास्त असते.

खरी तब्येत कळते ती परांवरून. सिमेंटच्या हौदात घासून आणि दाटीत एकमेकांना चावून पाठीवरचा पर झिजतो, कधी नुसता खुंट उरतो. त्या जखमेतून जिवाणू आत शिरतात आणि दाटीमुळे रोग हौदभर पसरायला वेळ लागत नाही.

दुसरा फरक डोक्यात लपलेला. घोळ माशाचं डोकं खाताना दाताखाली पांढरा खडा येतो ना, तसा कानातला खडा, लहानसा, सॅमनलाही असतो. त्यावरच ऐकणं आणि तोल अवलंबून. हॅचरीत झपाट्याने वाढवलेल्या माशांत हा खडा बऱ्याचदा वेगळ्याच स्फटिकाचा, हलका आणि ठिसूळ बनतो. अशा माशाला कमी ऐकू येतं, आणि एकदा बिघडलेला खडा पुन्हा सुधारत नाही. मला ही गोष्ट सगळ्यांत अस्वस्थ करते, कारण वरून मासा धडधाकट दिसतो.

नदीतलं पिल्लू स्वच्छ असतं असंही नाही. गोगलगायींतून येणारे परजीवी त्याच्या अंगात जास्त सापडू शकतात. हॅचरीत विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या पिल्लाची त्यांच्याशी गाठच पडलेली नसते.

२०१६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात स्टीलहेड या सॅमनच्या जवळच्या नातेवाइकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅचरीत वाढलेल्या आणि नदीत वाढलेल्या आईबापांची पिल्लं एकसारख्या परिस्थितीत वाढवली, तरी ७२३ जनुकांच्या कामात फरक दिसला. त्यांतली बरीच जखम भरणं, रोगप्रतिकार आणि चयापचयाशी निगडित होती. एवढा बदल एकाच पिढीत! दाटीला तोंड देऊ शकणारी पिल्लंच हौदात टिकत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

त्याआधी २००६ मध्ये आणखी एक साधा प्रयोग झाला होता. स्टीलहेडच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या टाकीत दगडगोटे टाकले, तर त्यांच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग रिकाम्या टाकीतल्या पिल्लांपेक्षा मोठा झाला.

मामांना हे सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "दगड टाकल्यावर जाळं कसं वडायचं?" हॅचरीवाल्यांची अडचणही अशीच आहे. गोट्यांच्या फटीत खाद्य आणि विष्ठा साचते, कुजते, आणि पाणी बिघडलं की पहिला तडाखा पिल्लांच्या कल्ल्यांना बसतो.