गेलेला प्लग पिकअपमध्ये परत कसा आला

लातूरच्या अडतीवर सोयाबीन उतरवून निघालेल्या पिकअपवाल्याला दहा वर्षांपूर्वी प्लगबद्दल विचारलं असतं, तर त्याने हिटर प्लगच दाखवला असता. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरात दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. हिटर प्लग फक्त गार इंजिन सुरू करायला हातभार लावतो. बोलेरो पिकअप काय किंवा २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती काय, बहुतेक कारभार डिझेलचाच होता.

त्याआधी मात्र माल वाहणाऱ्या गाड्यांत ठिणगी पाडणारा प्लग, म्हणजे स्पार्क प्लग होता. ज्या तीनचाकी टेम्पो हॅन्सियाटच्या नावावरून आपण आज कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, ती पेट्रोलवर चालणारी टू-स्ट्रोक गाडी. जुन्या विलीज जीपही पेट्रोलच्याच. पुढे स्वस्त आणि ओझ्याला दमदार म्हणून डिझेल आलं नि प्लग मागे पडला.

मग प्लगची विद्या राहिली दुचाकीच्या मिस्त्रीकडे. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हा गावोगाव लुना होत्या, पुढच्याच वर्षी बजाजची एम-८० आली. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी ठरलेली. गाडी बंद पडली की प्लग काढायचा, काचपेपरने घासायचा, इंजिनाच्या हेडला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी दिसली की परत कसायचा. हे ज्याला येत नव्हतं, त्याने मराठवाड्यात गाडी चालवलीच नाही म्हणायची!

१ एप्रिल २०२०ला गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलचा धूर त्या मापात बसवणं लहान इंजिनाला महागात पडू लागलं. मारुतीने डिझेलच सोडलं, त्यामुळे सुपर कॅरी पेट्रोल आणि सीएनजीवरच राहिली. टाटा एसमध्येही ६९४ सीसीचं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आलं. प्लग परत आला, आणि त्याच्याबरोबर काचपेपरही. खरी पंचाईत इथेच आहे.

नव्या इंजिनात इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग असेल, तर ते टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. हा धातू वितळायला सुमारे २४४६ अंश सेल्सियस लागतात, म्हणून इतकं बारीक टोकही टिकतं. पण घासणं त्याला सोसत नाही. असा प्लग साफ करण्यापेक्षा बदललेला बरा.

निवडताना फसवतो तो प्लगच्या नंबरातला उष्णतेचा आकडा. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तर काजळी आपोआप जळते. फारच तापलं, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. त्यामुळे उष्णता लवकर सोडणारा प्लग ‘कोल्ड’, धरून ठेवणारा ‘हॉट’. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड, बॉश कंपनीच्या प्लगमध्ये वाढला की हॉट. गंमत म्हणजे बॉशच्याच जुन्या पद्धतीत उलटं होतं: डब्ल्यू २२५ हा डब्ल्यू १७५पेक्षा कोल्ड. जुन्या मिस्त्रीचा अंदाज त्यामुळे नव्या डब्यावर चुकू शकतो. गाडीच्या पुस्तकातला नंबर घ्यावा, शेजारच्या गाडीचा नव्हे. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, सहसा कमी ठेवतात; तोही पुस्तकातलाच.

बसवताना इंजिन गार हवं. प्लगला वीज देणारी कॉइल काढल्यावर खोबणीत साचलेली धूळ आधी हवेने उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरात जाते. आपल्या रस्त्यांवर ती थोडीथोडकी नसते. प्लग आधी हातानेच फिरवायचा, पाना नंतर. १४ मिमीचा, वॉशरवाला नवा प्लग हाताने बसल्यावर साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. कसण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने २५ ते ३० न्यूटन मीटर. स्कूटरच्या सवयीने ‘अजून थोडा’ म्हणून जोर लावला, की ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात. मग दोनचारशे रुपयांच्या प्लगसाठी हेडला नवे आटे बसवावे लागतात, आणि तोवर मालाची गाडी दारात उभी.